पहिलवानाला गार पाणी कशाला

२ एप्रिल

दादा,

क्षेमकुशल वगैरे काही विचारत नाही. रागात आहे, आणि राग उतरायच्या आत लिहून मोकळं व्हायचंय. मेल पाठवली की तुझी असिस्टंट ‘आपला निरोप सरांपर्यंत पोहोचवला आहे’ असं गोड उत्तर देते, म्हणून कागदावर लिहून तुझ्या घरच्या पत्त्यावर कुरिअर करतेय. घरी आलेलं पाकीट तरी स्वतः फोडत असशील.

तुझा आदेश पोहोचला. नर्सरीतल्या दोन्ही गार टाक्या तातडीने रिकाम्या करायच्या, त्यातले ‘किरकोळ नमुने’ बाहेर काढायचे आणि त्यांच्या जागी तुझ्या लाडक्या प्रवाळाचे, पहिलवानाचे तुकडे भरायचे. का, तर जूनमध्ये पाहुणे येणार, त्यांच्या हस्ते नव्या खडकावर लागवड होणार, आणि तोवर समुद्र तापला तर पहिलवानाला काही होता कामा नये.

किरकोळ नमुने म्हणे. या रीफच्या कानाकोपऱ्यात जिथे जिथे एखादं प्रवाळ जिवंत सापडलं, तिथून बोटाच्या पेराएवढा तुकडा आणून मी ते वाढवलंय. काही वाकडी, काही खुरटी, काही वर्षभर ढिम्म हलत नाहीत. तू त्यांना ‘ढमीचं भंगार’ म्हणायचास. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्या भंगाराला जागा करून द्यायला तूही कोपरापर्यंत पाण्यात हात घालून माझ्या शेजारी उभा असायचास. फेंगडी आठवते? खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात सापडलेली, सगळ्या फांद्या एकीकडे वळलेल्या. नाव तूच ठेवलंस. तीही आता किरकोळ झाली.

पहिलवान तू शोधलास, ते मी कधीच नाकारलं नाही. त्या भयंकर उन्हाळ्यात पाणी तापलं, सगळी रीफ पांढरीफटक पडून मरायला लागली आणि मधोमध हा एकटा पठ्ठ्या तपकिरीचा तपकिरी. तू वर येऊन तोंडातली नळी काढलीस आणि होडीच्या काठाला धरून रडलास. मीही रडले. मग आपण त्याचे तुकडे केले, दोरीला टांगून वाढवले, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे केले आणि मेलेल्या खडकावर लावत सुटलो. मी तेव्हाच म्हटलं होतं की याच्याबरोबर दुसरीही लावू या. तू म्हणालास, शर्यतीत लंगडे घोडे कोण उतरवतं? आणि पुढच्याच वर्षी मोठ्या शहरातल्या सेंटरचा प्रमुख होऊन निघून गेलास.

आता एकच सांग. कितीही तापलेल्या पाण्यात पहिलवान तगतो, असं तू जगभर भाषणं देत फिरतोस. ‘हजार प्रवाळांतून मी त्याला डोळे मिटून ओळखेन’ हे तुझं वाक्य तर आईलाही पाठ झालंय. मग त्याला गार पाणी कशाला? पहिलवान आहे ना तो? राहू दे की समुद्रात. गार पाणी माझ्या भंगाराला लागतं, कारण त्याने कुठे छाती ठोकून काही सांगितलेलं नाही.

टाक्या रिकाम्या होणार नाहीत. काय करायचं ते कर.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो. तुझा फोन आला की मला ऐकू जाऊ नये म्हणून गच्चीत जाते, आणि कपडे वाळत घालून आल्यासारखा चेहरा करून खाली येते. कपडे बादलीत तसेच असतात.

नर्सरी प्रमुख (अजून तरी)


१३ एप्रिल

दादा,

मला उत्तर द्यायला तुला हात नाहीत, पण आईच्या हाती निरोप पाठवायला वेळ आहे. काल मी जेवायला बसले, आणि वाढता वाढता ती माझ्याकडे न बघता म्हणाली की इतका हट्ट बरा नाही, तो मोठा आहे, काहीतरी विचार करूनच सांगत असेल. शब्द तुझे होते. आई ‘एकंदरीत’ हा शब्द जन्मात वापरत नाही. या वयात तिला पोस्टमन करतोस, लाज वाटू दे जरा. मी ताट तसंच ठेवून उठले, आणि त्याचंही पाप तुझ्याच माथी.

इथली हकिकत अशी. पाणी गार ठेवायच्या दोन यंत्रांपैकी एक जळालं. पंपवाला त्याचं पोट उघडून बसला, आत हात घातला आणि मान हलवली. सुटा भाग यायला पावसाळा उजाडेल म्हणाला. दुसऱ्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, त्याच्यासमोर बोलू नका, ते ऐकतंय.’ म्हणजे आता गार टाकी एकच. एकतर तुझा पहिलवान, नाहीतर माझं भंगार. समुद्रात हात घातला की आत्ताच अंघोळीच्या पाण्यासारखं लागतंय, आणि खरा उन्हाळा पुढेच आहे.

मी भंगार ठेवलं. त्यातलंही सगळं मावलं नाही. एक चौकट भरून तुकडे परत समुद्रात टांगावे लागले. कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला बाहेर, हे ठरवताना माझं काय झालं ते तुला सांगणार नाही. पहिलवानाचे सगळे तुकडे बाहेर आहेत. ऑफिसला तसं कळवलंय.

आता मुद्द्याचं बोलते. वर्षभर गिळून बसलेय, पण आता नाही.

आपण लावलेल्या रीफने गेल्या वर्षी पहिल्यांदा अंडी सोडली. पौर्णिमेनंतरची संध्याकाळ, तुझे पाहुणे, तीन होड्या, कॅमेरे. तू दोन वर्षांनी पाण्यात उतरणार होतास आणि सूट पोटावर बसेना. मी गुडघा लावून चेन ओढली, आठवतंय? मग खालून गुलाबी मण्यांसारखी अंडी तरंगत वर यायला लागली, अख्खं पाणी गुलाबी झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण ती गोळा करून टबात भरली. तू पाहुण्यांबरोबर जेवायला गेलास आणि मी टबापाशी थांबले. सकाळी टबाला वास मारत होता. एकही अंडं फळलं नव्हतं.

मग ती मीटिंग. पडद्यावर सगळी सेंटरं, सगळे मोठे लोक, इकडे नर्सरीतली माझी सगळी माणसं. कुणीतरी विचारलं की असं का झालं. तू हसलास आणि म्हणालास, ‘हाताळणीत निष्काळजीपणा झाला. आमच्या बहीणबाईंचे हात जरा घाईचे आहेत.’ सगळे हसले. मीही हसले, मेली मी, काय करणार होते? तेव्हापासून मी टब उचलायला वाकले की कुणीतरी पुढे होतं आणि ‘ताई, मी घेऊ का?’ म्हणतं. चांगल्या मनाने म्हणतात. माझ्या अंगाची लाही लाही होते.

दादा, त्या रीफवर लावलेला प्रत्येक तुकडा पहिलवानाचाच आहे. बघणाऱ्याला हजार झाडं दिसतात, पण आहे तो एकटाच, हजार जागी लावलेला. एकाच्याच अंगातून आलेली अंडी आणि एकाच्याच अंगातलं बीज, ते एकमेकांना धरत नाही. दुसरं कुणी लागतं, परकं. माझे हात घाईचे असोत नाहीतर सोन्याचे, त्या टबात काहीही होणार नव्हतं. हे मला कुणी शिकवलं? तूच. या नर्सरीच्या पायरीवर बसून, खडूने फरशीवर चित्र काढून.

म्हणून एकच प्रश्न. त्या मीटिंगमध्ये ते वाक्य बोलताना तुला हे माहीत होतं की नव्हतं? हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुझी बहीण (नाइलाज आहे)


३० एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. बरं. मी थांबले नाही.

यंदाही पौर्णिमा झाली आणि सूर्य बुडाल्यावर रीफने अंडी सोडली. पाहुणे नव्हते, कॅमेरे नव्हते. मी आणि नर्सरीतले दोघे पाण्यात, पंपवाला होडी धरून. तो खाली न उतरताच तीनदा ‘आलं का?’ म्हणून ओरडला. मी पहिलवानाची अंडी गोळा केली. तुझ्यावर कितीही चिडले तरी त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्याने काय वाकडं केलंय माझं. इकडे टाकीत भंगारानेही त्याच संध्याकाळी अंडी सोडली. पठ्ठ्यांनी खिडकीतून चंद्र बघितला म्हणायचा.

दोन्हीकडचं मी एकाच टबात घातलं. टब तोच, लाल, कान तुटलेला. बाकीच्यांना म्हटलं, लांब उभे राहा, आज कुणी हात लावायचा नाही. पाणी बदलताना, हलवताना, पुन्हा बदलताना डोक्यात तुझं ते हसणं वाजत होतं. इतक्या रागाने कुणी अंड्यांचं बाळंतपण केलं नसेल.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. अंडी दुभंगली होती, दोनाची चार, चाराची आठ. धरली होती दादा, जवळजवळ सगळी. दोन दिवसांनी ती पोहायला लागली. तांदळाच्या कणीहूनही बारीक, गोल गोल फिरत. पंपवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने कितीतरी वेळ डोळा लावला आणि म्हणाला, ‘ताई, हे हलतंय का माझाच डोळा फडफडतोय?’ मग दुसरा डोळा लावून पाहिला.

मी मागच्या खोलीत गेले, पाण्यात उतरायच्या हवेच्या नळकांड्यांमागे बसून रडले. आनंद होताच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त वर्षभराचं अपमानाचं पाणी होतं ते. टब तोच, हात तेच, बाई तीच. फक्त यावेळी आत दुसरं कुणीतरी होतं.

आता पिल्लं पाण्यात ठेवलेल्या फरश्यांवर चिकटताहेत. आईला दाखवायला एक फरशी उचलली. तिला काही दिसलं नाही, पण तिने फरशीवरून बोट फिरवायला हात पुढे केला आणि मी ओरडले. ती म्हणाली, तुम्ही दोघं लहान होतात तेव्हाही तू अशीच त्याच्या वस्तू राखायचीस. मी म्हटलं, आई, या त्याच्या वस्तू नाहीत.

प्रश्न अजून उभा आहे.

ढ.


१५ मे

दादा,

तुझी कमाल आहे. खरंच, हात जोडते तुला.

प्रश्नाचं उत्तर नाही, पण बातमी मात्र सगळ्या सेंटरांना गेली. ‘पहिलवानाला पिल्लं झाली.’ फोटोही छापलास, माझ्याच फरश्यांचा, इथून कुणीतरी पाठवलेला. भंगाराचं नाव नाही. फेंगडीचं नाव नाही. पोरं काय त्याला एकट्याला झाली? एकट्याने काय होतं ते गेल्या वर्षी टबात बघितलंच की आपण. वास अजून माझ्या नाकात आहे.

वर दुसरा आदेश. पिल्लांच्या फरश्या पॅक करून तुझ्या सेंटरला पाठवायच्या, म्हणजे पाहुण्यांना तिथेच दाखवता येतील. तुझं सेंटर मी पाहिलेलं नाही, पण आईने फोटो दाखवला. दाराशी भली मोठी काचेची टाकी आणि आत प्लास्टिकचं प्रवाळ, त्याच्या पुढ्यात तू कोट घालून. त्या प्लास्टिकला पिल्लं दत्तक देऊ का? एकही फरशी इथून हलणार नाही. या पिल्लांत कोण तापल्या पाण्यात टिकतं आणि कोण नाही, हे आता कळायचंय, आणि ते इथल्याच पाण्यात कळेल. पहिलवानाचा दम कुणात उतरला असेल, कुणात नसेल. कुणाला तो फेंगडीकडूनही मिळाला असेल, काय सांगावं.

ऑफिसने मला कारणे दाखवा नोटीस पाठवली. ‘आदेशाचे पालन न केल्याबद्दल.’ खाली सही तुझी. आईने तो कागद बघितला, तुझी सही ओळखली, आणि खुशीत म्हणाली, ‘बघ, शेवटी लिहिलंच ना त्याने.’ मी तिला वाचून दाखवलं नाही. तू बरा आहेस असं त्यात लिहिलंय म्हणून सांगितलं. तुझ्यासाठी खोटं बोलायची ही शेवटची वेळ.

समुद्र तापतोय. पंपवाला रोज सकाळी त्या एका यंत्राला थोपटून मग चहा पितो.

नोटीसधारक


८ जून

दादा,

आज राग कसा धरायचा तेच कळत नाहीये, तरी धरते. सोडला तर बसून राहीन.

तुला ऑफिसकडून कळलं असेलच, पण मी डोळ्यांनी पाहिलं ते तुला सांगायचंय. पाणी त्या भयंकर उन्हाळ्यातल्यापेक्षाही तापलं. मी रोज खाली जात होते आणि पहिलवान तपकिरीच होता, मला वाटलं पुन्हा जिंकणार गडी. मग एका सकाळी जरा फिकट. आणि त्यानंतर सगळा एकदम. आधी हा कोपरा मग तो कोपरा, असं काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत आपण लावलेली अख्खी रीफ पांढरी, एकाच माणसाने एकाच वेळी डोळे मिटावेत तशी. त्याची सहन करायची हद्द होती, आणि ती प्रत्येक तुकड्यात तीच होती. आता त्यावर हिरवट बुळबुळीत थर चढलाय. मूळचा पहिलवान, तुझा, तोही गेला. मी त्याच्यापाशी नळकांडं संपत येईपर्यंत थांबले. मास्कच्या आत रडता येत नाही, नाक पुसता येत नाही. तुला आठवत असेल.

जागा नाही म्हणून समुद्रात टांगलेली माझी ती चौकट आठवते? त्यातलीही बरीच गेली. पण सगळी नाही. काही पांढरी, काही पिवळट, काही आजारी आणि तरी जिवंत. आणि फेंगडीचा तुकडा, वाकडातिकडा, जसाच्या तसा तपकिरी. तुझ्या पाहुण्यांना तिचा फोटो पाठवू का? येणार नाहीत म्हणे आता. पांढऱ्या रीफवर रिबीन कोण कापणार?

हे सगळं लिहून तुला डिवचायचं ठरवलं होतं. डिवचून झालं. बरं वाटलं नाही.

काल आईने गच्चीत न जाता माझ्यासमोर फोन घेतला. मग फोन ठेवून म्हणाली, ‘त्याला माहीत होतं म्हणाला. चुकलं म्हणाला. तुला सांग म्हणाला.’

म्हणजे उत्तर ‘हो’ आहे. वर्षभर मला वाटत होतं, तू हो म्हणालास की मी भांडी आपटीन. मी नुसती उठले आणि आईच्या गुडघ्याला तेल लावत बसले. तिने विचारलं, आता झालं ना? नाही झालं, आई. मला सगळ्यांच्या देखत बोलला आणि चुकलं म्हणाला तुझ्या कानात. हा कुठला हिशेब? मला असली माफी नको. तू ती आईकडे ठेवायला दिलीस, तिच्याकडेच राहू दे.

ऑफिसने तातडीने विचारलंय की पहिलवानाचा एखादा तरी तुकडा जिवंत आहे का. सरांना हवाय. मी लिहून कळवलं, ‘समुद्रात एकही नाही.’ ते खरं आहे. समुद्रात नाही.

एप्रिलमध्ये मी तुला लिहिलं होतं की पहिलवानाचे सगळे तुकडे बाहेर आहेत. ते खोटं होतं. एक मी आत ठेवला होता, गार टाकीत, भंगारात. तू म्हणालास म्हणून नाही, आणि मला तुझी दया आली म्हणूनही नाही. पुढच्या वर्षी भंगारालाही कुणीतरी परकं लागणारच आहे, म्हणून. त्याच्यासाठी फेंगडीचा एक तुकडा बाहेर काढावा लागला. तोच तो, चौकटीतला. एवढं सांगितलं म्हणजे तुला कळेल की हट्टाने आंधळी झाले नव्हते मी.

तो जिवंत आहे. छान आहे. पण त्याच्या नावाची चिठ्ठी मी काढून टाकली आहे. सगळ्यांच्याच काढल्या. आता टाकीत नुसतं भंगार आहे, शेवाळाचा हात फिरलेलं, सगळं साधारण एकाच रंगाचं, आणि त्यात कुठेतरी तुझा पहिलवान. मला माहीत आहे कुठे. दुसऱ्या कुणालाही नाही.

सोमवारची मीटिंग इथून घे. पंपवाल्याला सांगून पडदा टाकीसमोर लावून घेते. सगळी सेंटरं असू देत, सगळे मोठे लोक असू देत, नर्सरीतली माझी माणसं तर असतीलच. ते वाक्य जिथे बोललास तिथेच परत घे, तेवढ्याच मोठ्याने. आईला बसायला खुर्ची ठेवीन. मग कोटाच्या बाह्या वर कर आणि हात धू. साबण लावायचा नाही, ते तरी लक्षात असेल.

आणि मग त्याला ओळख. डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल. मी काढून देणार नाही. माझे हात घाईचे आहेत.

ढमी